समानाभिहार आणि अनुभवाची मर्यादा

वस्तू समोर असूनही तिचे प्रत्यक्ष ज्ञान का होत नाही, याची आठ कारणे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात सांगितली आहेत. त्यांपैकी 'अतिसौक्ष्म्य' आणि 'समानाभिहार' ही दोन औषधनिर्मात्यांनी विशेष ध्यानात ठेवावीत अशी आहेत. समानाभिहार म्हणजे सारख्या वस्तूंत एखादी वस्तू मिसळून जाणे. ही पदे आपणा सर्वांना विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत असतात. त्यांचा व्यवहारातील अर्थ मात्र बेल्जियममधील एका दुर्घटनेच्या अभ्यासाने आम्हांस खऱ्या अर्थाने कळला.

ब्रुसेल्स येथे वजन घटविण्यासाठी काही स्त्रियांना चिनी वनस्पतींची चूर्णे देण्यात आली होती. त्यांच्यापैकी अनेकींचे वृक्क झपाट्याने निकामी झाले. १९९३ मध्ये हे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आले. बाधितांची संख्या पुढे शंभराच्या घरात गेली. स्टेफानिया टेट्रांड्रा हे मूळ अपेक्षित होते, त्याऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची हे मूळ आले होते. एकाचे चिनी नाव हान फांग जी, दुसऱ्याचे ग्वांग फांग जी. नावे जवळची, आणि चूर्ण झाल्यावर रूपही हरपलेले. १९९४ मध्ये रासायनिक विश्लेषणाने त्या चूर्णांत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल सापडले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निकामी वृक्क व मूत्रवाहिन्या काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला.

येथे यंत्राचा विजय झाला, असे म्हणून थांबणे सोपे आहे. परंतु हे आम्ल उंदरांत कर्करोग उत्पन्न करते, हे १९८२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. ज्ञान उपलब्ध होते. ते चूर्ण देणाऱ्याच्या हाती पोहोचले नव्हते. शिवाय यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. चूर्णात शिसे आहे काय, एवढेच विचारणाऱ्याला वनस्पती बदलल्याचे ते सांगत नाही.

तथापि आम्हांस अधिक अस्वस्थ करते ती बाल्कन प्रदेशातील गोष्ट. डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या खेड्यांत वृक्कांचा एक विकार १९५० च्या दशकापासून नोंदला गेला. पाणी, धातू, बुरशी असे नाना तर्क झाले. गव्हाच्या शेतांत उगवणाऱ्या अ‍ॅरिस्टोलोकिया क्लेमॅटायटिस या तणाचे बी पिठात जात असावे, या मताला २००७ मध्ये रुग्णांच्या ऊतींतील डीएनएच्या परीक्षणाने बळकटी दिली. त्या शेतकऱ्यांचे निरीक्षण उणे नव्हते. खाणे आणि आजार यांत अनेक वर्षांचे अंतर होते, आणि एवढे अंतर कोणाचाही अनुभव सहसा ओलांडीत नाही.

'आमच्या घराण्यात तीन पिढ्या हे औषध देतात, कोणास काही झाले नाही' असे आपण नेहमी ऐकतो, आणि प्रांजळपणे सांगायचे तर आम्हीही म्हटले आहे. तत्काळ होणाऱ्या वमनाविषयी, दाहाविषयी हे वचन प्रमाण धरता येईल. परंतु वीस वर्षांनी अन्य गावी, अन्य वैद्याकडे गेलेल्या रुग्णाचे काय झाले, हे त्या तीन पिढ्यांना कळणार कसे? चरकाचार्यांनी प्रत्यक्षाबरोबर अनुमान आणि युक्ती यांनाही प्रमाणांत स्थान दिले, ते अशाच ठिकाणी उपयोगी पडावे.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. ईश्वरी, म्हणजेच सापसंद, ही अ‍ॅरिस्टोलोकिया इंडिकाच होय. तिचा आभ्यंतर प्रयोग बंद करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंपरेचा मान त्याने उणावत नाही. औषधालयचालकांनी संदिग्ध द्रव्ये चूर्णरूपात विकत न घेता अखंड घ्यावीत, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीत, आणि प्रत्येक खेपेचा नमुना तारीख घालून जपावा. नमुन्याला एक बरणी आणि थोडी जागा लागते, एवढेच. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रुग्णाचे क्रिएटिनिन वैद्यांनी आरंभी व पुढे ठराविक अंतराने तपासून घ्यावे आणि ते केसपेपरवर औषधाच्या खेप क्रमांकाशेजारीच लिहावे.