पुन्हा नीट देण्याआधी

नीटचा निकाल लागला की दरवर्षी तोच प्रश्न येतो: "मार्क थोडक्यात गेले. रिपीट करायला लावू, की कर्ज काढून खासगी कॉलेजात घालू?" मुलगी शेजारीच बसलेली असते; तिला कुणी काही विचारत नाही. जीवशास्त्र आवडणं वेगळं आणि पेशंट तपासण्यात आयुष्य घालवावंसं वाटणं वेगळं. आपल्या घरांत दोन्ही एकच समजतात.

पुढे कर्करोग संशोधक झालेल्या कमल समर्थ यांच्या घरीही असंच होतं. जन्म पुण्याचा, १९१७चा. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. हुजूरपागेत शिकलेल्या हुशार लेकीनं डॉक्टर व्हावं, लग्नही डॉक्टरशीच करावं, अशी त्यांची इच्छा. कमलताईंनी यातलं काहीच केलं नाही. त्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राकडे गेल्या, पुण्याच्या शेतकी कॉलेजात सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर एमएस्सी केली. लग्न जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी झालं आणि त्या मुंबईला आल्या.

तिथे टाटा मेमोरिअलमध्ये काम करत, डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली, १९४९ मध्ये त्यांनी पीएचडी मिळवली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे ऊतीसंवर्धन, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र, आत्मसात केलं. हेला या कर्करोगाच्या प्रसिद्ध पेशी वाढवल्या गेल्या त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत. परत येऊन त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी असलेला संबंध त्यांनी अभ्यासला, कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम केलं. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. एमबीबीएस नसताना.

पालकांनो, स्पष्टच सांगते. मुलीला दवाखान्याची ओढ असेल तर एकदा जरूर रिपीट करू द्या. पण 'लोक काय म्हणतील' या भीतीपायी तिसरं वर्ष क्लासच्या खोलीत काढायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे. फिजिओथेरपी, नर्सिंग, फार्मसी तुम्हाला ठाऊक आहेत. संशोधनाचं नाव मात्र कुणी काढत नाही.

त्याची वाट लांब आहे. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात आणि नोकरीची हमी नसते. पण नेट-जेआरएफ मिळाली तर सुरुवातीलाच दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप असते, म्हणजे पीएचडीसाठी घर गहाण ठेवावं लागत नाही. बारावीनंतर मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या पुण्याच्या आयसरसाठी आयएटी, मुंबईच्या सीईबीएससाठी नेस्ट या प्रवेश परीक्षा असतात. पुढे कर्करोग संशोधनासाठी खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, पेशीविज्ञानासाठी पुण्याचं एनसीसीएस: ही कामं आज आपल्याच शहरांत चालतात.

एक लक्षात ठेवा. अकरावीला गणित सोडलेल्यांनाही आयएटी देता येते, पण पेपरात गणिताचे प्रश्न असतातच, तेव्हा तयारी करा. आणि या परीक्षांचे अर्ज नीटच्या निकालाआधीच बंद होतात. मार्च उजाडला की संकेतस्थळं पाहायला लागा.