उकल मिळाली, पण ती खरी आहे का?

चि. सोनू,


तुझ्या वहीची पानं नीट पाहिली. अक्षर स्वच्छ आहे, पायऱ्या कुठे गाळलेल्या नाहीत. तरी काही ठिकाणी मी थांबलो, आणि दहावीचं वर्ष आहे म्हणून नव्हे, तर तुला गणित मनापासून आवडतं म्हणून सविस्तर लिहितोय.

√(क्ष + ६) = क्ष हे उदाहरण बघ. दोन्ही बाजूंचा वर्ग करून तू क्ष² − क्ष − ६ = ० आणलंस, अवयव पाडलेस आणि क्ष = ३ किंवा क्ष = −२ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यास. आता −२ मूळ समीकरणात घाल. डावीकडे √४, म्हणजे २, उजवीकडे −२. जमत नाही! आकडेमोड तर कुठेच चुकलेली नाही. मग हे −२ आलं कुठून? वर्ग करण्यातून. २ आणि −२ वेगळे, पण त्यांचे वर्ग सारखेच. त्यामुळे वर्ग केल्याबरोबर √(क्ष + ६) = −क्ष हे दुसरंच समीकरण तुझ्या उदाहरणात शिरलं, आणि −२ ही त्याची उकल आहे.

समीकरण सोडवताना आपण खरं तर एवढंच म्हणत असतो, की क्ष असलाच तर तो यांपैकी असेल. तो आहे की नाही, हे मूळ समीकरणात किंमत घालून ताळा केल्यावरच ठरतं.

क्ष² = ५क्ष मध्ये मात्र ताळाही तुला वाचवणार नाही. तू दोन्ही बाजूंना क्ष ने भागलंस आणि ५ काढलंस. ५ बरोबरच आहे, ताळा जुळतो. पण शून्य ही उकल हातची गेली. ज्याने भागायचं ते शून्य असू शकतं का, हे आधी बघ. त्यापेक्षा सगळं एका बाजूला घेऊन अवयव पाड.

एकसामयिक समीकरणांत २क्ष + ३य = ७ आणि ४क्ष + ६य = १५ या जोडीपाशी तू खाडाखोड करून उदाहरण सोडून दिलंस. कशाला? पहिल्याला २ ने गुण: ४क्ष + ६य = १४. तीच राशी १४ आणि १५ एकदम कशी असेल? ० = १ आलं की आपलंच काही चुकलं असं मुलांना वाटतं. आकडेमोड तपासून बघ, ती बरोबर असेल तर 'उकल नाही' असं ठामपणे लिही. ते पूर्ण उत्तर आहे. आलेखावर त्या दोन रेषा समांतर आहेत. १५ च्या जागी १४ असते, तर दोन्ही रेषा एकच झाल्या असत्या आणि उकली अनंत मिळाल्या असत्या. दोन्ही वेळा निश्चयक शून्यच येतो, म्हणून नुसत्या निश्चयकावर निकाल देऊ नकोस.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणितात' माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळप केवढा? (क्ष/५ − ३)² + १ = क्ष. यातून ५० आणि ५ अशी दोन उत्तरं येतात, आणि दोन्ही समीकरणात चपखल बसतात. पण ५ घेतलं तर वर्ग करण्याआधीची संख्या −२ होते. उणे दोन माकडं कुठून आणायची? भास्कराचार्यांनी ५ नाकारलं. बाराव्या शतकातल्या या गणितज्ञाने समीकरणाचा ताळा जुळल्यावरही उदाहरणाकडे पुन्हा पाहिलं, याचा मला फार आदर वाटतो. शाब्दिक उदाहरणात तूही तसंच बघत जा.

आता एक काम. क्ष² + ४क्ष + क = ० या समीकरणाला क च्या कोणत्या किमतींसाठी वास्तव मुळं नाहीत, ते विवेचकावरून शोध. मग सीमेच्या अलीकडची एक आणि पलीकडची एक किंमत घालून पडताळून बघ, आणि मला रविवारपर्यंत कळव.

तुझा,
मामा