पॉम फाइल सगळ्या टीमची

जावाच्या मोठ्या प्रकल्पात बिल्ड कसा व्हावा हे सांगणाऱ्या पॉम फाइलला वाली नसतो. कोड लिहिणारे म्हणतात, ते डेव्हऑप्सचं काम. डेव्हऑप्सवाले म्हणतात, पॉम तुमचा, तुम्हीच बघा. मग ज्याचं अडतं तो कुठून तरी दहा ओळी आणून चिकटवतो आणि पुढे जातो. पुण्यात वेगवेगळ्या टीम्सबरोबर अशा बहु-मॉड्यूल प्रकल्पांवर काम करताना माझं एक मत पक्कं होत गेलं: बिल्ड कसा होतो हे सगळं रेपोमध्ये लिहिलेलं असावं, ते कुणाच्या डोक्यात किंवा लॅपटॉपवर राहू नये. उदाहरणं बहुतेक मेव्हन या बिल्ड टूलची आहेत, कारण माझा जास्त वेळ त्याच्याबरोबर गेला.

१. मॉड्यूल कामानुसार पाडा, थरांनुसार नाही.

कंट्रोलर, सर्व्हिस, डीएओ अशी तीन मॉड्यूल्स केली की रचना नीटनेटकी दिसते, पण लहानसा बदलही तिन्हींना हात लावल्याशिवाय होत नाही. विम्याचं सॉफ्टवेअर असेल तर पॉलिसी, क्लेम, हप्ते अशी मॉड्यूल्स पाडा. मग खरा प्रश्न समोर येतो: कुणाला कुणाची माहिती असावी? क्लेमला पॉलिसी लागते, हे उघड आहे. पण एक दिवस पॉलिसी रद्द करताना ‘हिच्यावर क्लेम प्रलंबित आहे का’ हे तपासायची वेळ येते आणि कुणीतरी पॉलिसीच्या पॉममध्ये क्लेमची डिपेंडन्सी टाकतो. चक्र तयार होतं. मेव्हन एकही क्लास कंपाइल न करता तिथेच थांबतो आणि चक्रात कोणती मॉड्यूल्स आहेत ते सांगतो.

बहुतेक टीम्स इथे दोन-चार क्लास उचलून ‘कॉमन’मध्ये टाकतात. चक्र मोडतं, पण कॉमन फुगत जातं. सगळी मॉड्यूल्स त्याच्यावर अवलंबून असल्याने तिथली एक ओळ बदलली तरी सगळं पुन्हा बांधावं लागतं. खरा उपाय फार अवघड नाही. पॉलिसीच्या मॉड्यूलमध्ये एक छोटा इंटरफेस ठेवायचा: या पॉलिसीवर प्रलंबित क्लेम आहे का? त्याचं इम्प्लिमेंटेशन क्लेमच्या मॉड्यूलमध्ये लिहायचं आणि दोन्हींची जोडणी सर्वांत वरच्या, अ‍ॅप्लिकेशन सुरू करणाऱ्या मॉड्यूलमध्ये करायची. अवलंबित्वाची दिशा एकच राहते. चक्राच्या एररवर मी कधी चिडत नाही. डिझाइनमधली चूक इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे दुसरं कुणी दाखवत नाही.

२. पॅरेंट वेगळा, मॉड्यूल्सची यादी वेगळी.

मुळाशी असलेल्या पॉममध्ये दोन्ही एकत्र असतात म्हणून ती एकच गोष्ट वाटते. पॅरेंटमुळे सेटिंग वारशाने खाली येतं. यादीमुळे काय काय एकत्र बांधायचं ते ठरतं. लहान प्रकल्पात दोन्ही एका फाइलमध्ये असायला हरकत नाही. पण तेच नियम दुसऱ्या रेपोला हवे असतील तर पॅरेंट स्वतंत्र काढा. मेव्हन पॅरेंटला आधी एक फोल्डर वर शोधतो, त्यामुळे बाहेरचा पॅरेंट वापरताना त्याचा सापेक्ष मार्ग रिकामा ठेवा. आणि यादीतला क्रम बदलून बिल्ड दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी: क्रम डिपेंडन्सीवरून ठरतो. मॉड्यूल्सचा एकमेकांशी संबंध नसेल, तेव्हाच यादीचा क्रम पाहिला जातो.

३. व्हर्जन एकाच ठिकाणी लिहा.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉगिंग लायब्ररीमधला लॉगफोरशेल हा दोष जाहीर झाला आणि त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशी चार व्हर्जन्स आली. ज्यांच्या मूळ पॉमच्या डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये हा आकडा होता, त्यांनी प्रत्येक वेळी एक ओळ बदलली. ज्यांच्याकडे तो प्रत्येक मॉड्यूलमध्ये वेगळा होता, त्यांचे लोक रात्री फाइली शोधत बसले. डिपेंडन्सी मॅनेजमेंटमुळे जार आत येत नाही, फक्त व्हर्जन ठरतं. पण दुसऱ्या लायब्ररीच्या मागून आलेल्या जारलाही ते लागू होतं. या वाक्याचं महत्त्व तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं.

व्हर्जन असं एका ठिकाणी लिहिलेलं नसेल तर मेव्हन डिपेंडन्सीच्या झाडात मुळाच्या सर्वांत जवळ असलेलं व्हर्जन घेतो. नवं की जुनं ते पाहत नाही. ग्रेडल हे दुसरं बिल्ड टूल साधारणपणे त्यांतलं सर्वांत वरचं घेतं. म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे जाताना डिपेंडन्सी-ट्री काढून ओळीने पडताळावी. एकापेक्षा जास्त बॉम, म्हणजे व्हर्जन्सच्या तयार याद्या, आयात करत असाल तर आधी लिहिलेला जिंकतो, एवढंही लक्षात ठेवा.

४. इन्स्टॉलची सवय सोडा.

‘क्लीन इन्स्टॉल’ बोटांत बसलेलं असतं. इन्स्टॉल केलं की प्रत्येक मॉड्यूलचा जार होम फोल्डरमधल्या डॉट-एम-टू या लोकल रेपॉझिटरीमध्ये जाऊन बसतो आणि नंतर तोच गोंधळ घालतो. नेहमी दिसणारा प्रसंग असा: कुणीतरी हप्त्यांच्या मॉड्यूलमध्ये नवी मेथड लिहितो आणि वेळ वाचवायला पीएल हा पर्याय देऊन फक्त वेब मॉड्यूल बांधतो. कंपायलर म्हणतो, अशी मेथडच नाही. आयडीईमध्ये मेथड डोळ्यांसमोर आहे, कुठे लाल रेघही नाही. तो आयडीईचा कॅशे पुसतो, मशीन रीस्टार्ट करतो, शेवटी शेजाऱ्याला बोलावतो. झालेलं एवढंच असतं की आयडीई समोरचा कोड वाचतो आहे आणि मेव्हन ३ ने डॉट-एम-टूमधला जुना जार उचलला आहे.

यापेक्षा वाईट म्हणजे कंपाइल होतं आणि चाचण्याही पास होतात, पण जुन्या जारवर. ही चूक कुणाला दिसत नाही.

म्हणून मुळापासून ‘व्हेरिफाय’ चालवा. त्यात शेजारची मॉड्यूल्स त्याच बिल्डमधून घेतली जातात. एकच मॉड्यूल हवं असेल तर पीएलच्या जोडीला एएम द्या, म्हणजे ते ज्यांच्यावर उभं आहे तीही बांधली जातात. वेळेची चिंता असेल तर टी पर्यायाने कोअरमागे एक थ्रेड द्या. मात्र मॉड्यूल्स एकामागे एक लांब साखळीत असतील तर त्याचा फायदा होत नाही. आणि सीआयवर अधूनमधून रिकाम्या लोकल रेपॉझिटरीने बिल्ड करा. कुणाच्या मशीनवर काय दडून राहिलं आहे ते त्यात बाहेर येतं.

५. प्लगइनचीही व्हर्जन्स बांधून ठेवा. नाहीतर कंपायलर प्लगइनचं किंवा चाचण्या चालवणाऱ्या शुअरफायरचं व्हर्जन मेव्हनच्या व्हर्जननुसार बदलतं. मेव्हनचं व्हर्जन रॅपरने बांधा.

६. सोर्स आणि टार्गेट लिहून भागत नाही, रिलीज लिहा.

जेडीके ११ वर सोर्स आणि टार्गेट ८ ठेवून बाइटबफरची फ्लिप ही मेथड वापरली तर कंपाइल पार पडतं. तोच जार जावा ८ वर चालवला की ‘अशी मेथड नाही’ म्हणून कोसळतो, कारण जावा ९ मध्ये त्या मेथडचा रिटर्न टाइप बदलला. रिलीजचा पर्याय जेडीके ९ पासून आहे. तो दिला की कंपायलर जुन्या आवृत्तीची एपीआयच डोळ्यांसमोर ठेवतो.

७. युनिट चाचण्या शुअरफायरकडे, डेटाबेस आणि कंटेनर लागणाऱ्या चाचण्या फेलसेफकडे. फेलसेफ चाचणी फसल्यावर लगेच बिल्ड पाडत नाही. आधी साफसफाईचा टप्पा होऊ देतो आणि व्हेरिफायमध्ये निकाल लावतो. ‘इंटिग्रेशन-टेस्ट’ टप्प्यावरच थांबणारी कमांड दिली तर ती साफसफाई होत नाही आणि कंटेनर मागे चालू राहतात.

८. ग्रेडलकडून घेण्यासारखी एक गोष्ट.

त्यात एपीआय आणि इम्प्लिमेंटेशन असा भेद आहे: ही लायब्ररी माझ्या वापरकर्त्यालाही दिसावी की फक्त मला? मेव्हनच्या कंपाइल स्कोपमध्ये मागून आलेलं सगळं दिसतं, त्यामुळे लोक न सांगितलेल्या जारवर कोड लिहून बसतात. मेव्हनमध्ये राहणाऱ्यांनी डिपेंडन्सी प्लगइनचं अ‍ॅनलाइझ चालवावं. वापरलेल्या पण न लिहिलेल्या आणि लिहिलेल्या पण न वापरलेल्या अशा दोन याद्या ते देतं. दुसरी यादी सावधपणे वाचा. रिफ्लेक्शनने वापरलेल्या लायब्ररी त्यात उगाच येतात.

तुमच्या टीममध्ये पुढचा पुल रिक्वेस्ट येईल आणि त्यात पॉम बदललेला असेल, तेव्हा तो भाग घडी घालून पुढे जाऊ नका. ही डिपेंडन्सी याच मॉड्यूलमध्ये का, हिचं व्हर्जन मूळ पॉममध्ये का नाही आणि हिच्यामागून आणखी काय आत आलं, एवढं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत मंजुरी देऊ नका.