उरलेली हरळी

शेतातली हरळी खणायला घेतली. बारा आणे रान साफ झाले. तेवढ्यात मजुरीचे पैसे संपले आणि काम थांबले. पुढे काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको. पाऊस पडला की उरलेल्या मुळ्यांतून हरळी पुन्हा रानभर पसरते.

हिवतापाचे, म्हणजे मलेरियाचे, तसेच आहे. त्याचे जंतू रोग्याच्या रक्तात राहतात. ॲनॉफिलीस जातीची डासाची मादी रोग्याला चावते आणि ते जंतू दुसऱ्याच्या अंगात सोडते. म्हणून घरांत औषध फवारायचे, मच्छरदाण्या वाटायच्या, रक्त तपासायचे, गोळ्या द्यायच्या. या साऱ्याला पैसा लागतो, आणि तो दरसाल लागतो.

श्रीलंकेचेच बघा. १९६३ साली त्या सबंध देशात हिवतापाचे अवघे १७ रोगी सापडले. लोकांना वाटले, रोग गेला. फवारा थांबला, खर्च आवरला, तपासणी ढिली पडली. १९६९ साली एका वर्षात पाच लाखांवर माणसे आजारी पडली! आपल्या देशातही १९६५ साली सुमारे १ लाख रोगी होते. १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले.

तज्ज्ञांनी २०१२ साली हिशेब मांडला. हिवताप उलटल्याचे ७५ प्रसंग त्यांनी तपासले. त्यांतल्या ६८ वेळा काम ढिले पडले होते. त्याचे सर्वांत मोठे कारण पैशाची तूट.

गरीब देशांत हा पैसा बराचसा बाहेरून येतो. अमेरिका ही मोठी देणगीदार. जानेवारी २०२५ मध्ये तिने परदेशांची मदत एकाएकी रोखली. आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी कामे अडली. हिवतापाने मरणारी बहुतेक माणसे तिथलीच, आणि त्यांत लहान मुले फार. पैसा उशिरा आला तर मागाहून खर्चता येतो. पण डास थांबत नाहीत. पावसाळा उलटल्यावर आलेला फवारा काय कामाचा?

श्रीलंकेने पुन्हा कंबर कसली. २०१६ साली तो देश हिवतापमुक्त ठरला. तरी तिथे रक्ततपासणी बंद केली नाही.

आमचे सांगणे एवढेच: मदत मिळाली तर घ्यावी, पण घरची तजवीजही असावी. आणि आपणही फवारणीवाल्याला दार लावू नये. ताप उतरला म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. उरलेली हरळीच रान खाते.

प्रश्न
१. श्रीलंकेत हिवताप पुन्हा का वाढला?
२. फवारा पावसाआधी का हवा?