रंगाचा दुसरा हात

बीड जिल्ह्यातून बालाघाटचे डोंगर गेले आहेत. त्यांच्या उतारांवर सीताफळांच्या बागा आहेत. येथील सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा एखाद्या बागेत गेलात, की विहिरीजवळ एक लहानशी खोली बहुधा दृष्टीस पडते. तिचे दार व भिंती फळ्यांच्या असतात आणि वर पत्र्याचे छप्पर असते. आत कुदळ, खुरपी, टोपल्या, दोरखंड आणि पुढील पेरणीचे बियाणे ठेवलेले असते. दिसावयास ही खोली साधी असली, तरी शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा आधार तिच्यात असतो. फळी कुजली किंवा पत्र्यास गंजून भोक पडले, तर आतले बियाणे भिजते. ज्या जिल्ह्यात पाऊस मुळातच बेभरवशाचा, तेथे भिजून वाया गेलेल्या बियाण्याची किंमत काय असते, हे निराळे सांगावयास नको.

म्हणूनच अशा खोलीस रंग देतात. हा रंग केवळ शोभेसाठी नसतो. पाणी, ऊन आणि हवा यांपासून लाकडाचे व लोखंडाचे रक्षण करणारे ते एक पातळ कवच असते. रंगारी सांगतात, की रंगाचे दोन हात द्यावेत. पहिला हात लाकडात मुरतो. त्यामुळे बारीक छिद्रे काही ठिकाणी उघडीच राहतात आणि ती दुसऱ्या हाताने बुजतात. हे खरे असले, तरी पुष्कळांचा अनुभव असा, की पहिला हात चांगला बसतो आणि दुसरा हात दिल्यावर काम बिघडते. कोठे रंगावर सुरकुत्या पडतात, कोठे फोड येतात, कोठे पोपडे सुटतात. मग कोणी रंगास दोष देतो, कोणी दुकानदारास. खरे कारण बहुधा निराळेच असते. ते समजून घेण्यासाठी रंग वाळतो म्हणजे काय होते, हे पाहिले पाहिजे.

ओले धोतर वाळते, तेव्हा त्यातील पाणी उडून जाते. तेलाच्या रंगाचे तसे नाही. त्यातील पातळ द्रव उडून जातो हे खरे. परंतु तेल उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा चिवट पापुद्रा बनतो. सर्वच तेलांच्या अंगी हा गुण नसतो. जवसाच्या तेलात तो विशेष आहे. मराठवाड्यात पिकणाऱ्या करडईच्या तेलातही तो आहे. काचेच्या एका तुकड्यावर जवसाच्या तेलाचा पातळ थर द्या आणि दुसऱ्या तुकड्यावर शेंगदाण्याच्या तेलाचा. दोन्ही तुकडे उजेडात, मोकळ्या हवेत ठेवा. काही दिवसांनी जवसाचे तेल चिकट होऊन घट्ट होऊ लागेल. शेंगदाण्याचे तेल मात्र तसेच पातळ राहील.

आता दुसऱ्या हाताची अडचण उलगडते. प्राणवायू वरून आत शिरतो, म्हणून रंगाचा वरचा भाग आधी घट्ट होतो. तापवलेल्या दुधावर साय धरते, पण खाली दूध पातळच असते. तसेच हे आहे. वरून कोरडा दिसणारा पहिला हात आतून मऊ असताना त्यावर दुसरा हात दिला, तर खालच्या थरास हवा मिळेनाशी होते. नव्या रंगातील द्रव खालच्या मऊ थरात शिरून त्यास फुगवतो आणि वरचा पापुद्रा आक्रसून सुरकुततो. रंग जाड दिला असेल, तर हा दोष अधिकच वाढतो. म्हणून एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे.

मग किती वेळ थांबावे? रंगाच्या डब्यावर तो वेळ छापलेला असतो. परंतु हवा दमट असेल, तर त्याहून अधिक थांबावे लागते. एक सोपी कसोटीही आहे. अंगठा रंगावर दाबून थोडा फिरवावा. ठसा उमटला नाही आणि रंग सरकला नाही, तर दुसरा हात देण्यास हरकत नाही.

उलट फार दिवस थांबल्यानेही अडचण येते. पहिला हात पूर्ण कठीण व गुळगुळीत झाला, तर त्यावर नवा रंग पकड घेत नाही. त्यातच माळावरच्या वाऱ्याने धूळ बसली, तर नवा रंग लाकडास नव्हे, धुळीस चिकटतो आणि धुळीबरोबरच निघून येतो. अशा वेळी काचकागदाने पृष्ठभाग हलकेच घासावा, ओल्या फडक्याने पुसावा आणि वाळू द्यावा. जुन्या घरांच्या रंगात शिसे असू शकते व त्याची धूळ शरीरास घातक असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम २०१६ साली झाला. म्हणून त्यापूर्वीचा जुना रंग मुलांनी खरवडू नये. ते काम मोठ्या माणसांनी, नाक-तोंड झाकून व पृष्ठभाग ओला करून करावे.

वेळेप्रमाणे ऋतूही पाहावा लागतो. वैशाखातील दुपारी पत्रा हातास चटका देतो. अशा तापलेल्या पत्र्यावर रंगाचा वरचा थर तत्काळ वाळतो. आत अडकलेला द्रव वाफ होऊन बाहेर पडू पाहतो आणि फोड येतात. पावसाळ्यात लाकडात ओल असते. तीही रंगास आतून ढकलते. हिवाळ्यात पहाटेचे दव सुकल्यावर काम सुरू करावे आणि ऊन कलण्यापूर्वी संपवावे, हे उत्तम. जस्ताचा मुलामा असलेल्या नव्या पत्र्यावर तर तेलाचा रंग नुसता टिकतच नाही. जस्त व तेल यांच्या संयोगाने पत्र्यालगत साबणासारखा थर होतो व रंग सुटतो. तेथे आधी त्या पत्र्यासाठी असलेला अस्तराचा हात द्यावा लागतो. दोष दिसतो वरच्या हातात, पण असतो तो तळाशी.

माळवदाच्या घरांना चुना देणाऱ्या जुन्या माणसांना हे तत्त्व ठाऊक होते. चुन्याचा पहिला हात पातळ देत, तो वाळू देत आणि दुसऱ्या हातापूर्वी भिंतीवर पाणी शिंपडत. कोरडी भिंत चुन्यातील पाणी झटकन ओढून घेते आणि मग चुना हातास लागतो, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. तेलाच्या रंगास कोरडेपणा हवा, चुन्यास ओलावा हवा. परंतु खालच्या थराची तयारी पाहिल्यावाचून वरचा थर देऊ नये, हा नियम दोन्हीकडे एकच.

काम संपल्यावर एक काळजी अवश्य घ्यावी. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल प्राणवायू शोषते, तेव्हा उष्णता निर्माण होते. ढिगात ती साठते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवावीत.

दुसरा हात देण्यास फारसे बळ लागत नाही. लागते ते थांबण्याचे, पाहण्याचे आणि पुसण्याचे कष्ट. ते ज्याने घेतले, त्याच्या खोलीतील बियाणे मृगाच्या सरीतही कोरडे राहते.

स्वाध्याय

१. ओले धोतर वाळणे व तेलाचा रंग वाळणे यांत कोणता फरक आहे?
२. पहिला हात मऊ असताना दुसरा हात दिल्यास सुरकुत्या का पडतात?
३. कारणे द्या : (अ) तापलेल्या पत्र्यावर रंग देऊ नये. (आ) तेलाने भिजलेली फडकी ढीग करून ठेवू नयेत.
४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : हमखास, बेभरवशाचा, कसोटी, तत्काळ.
५. आपल्या गावातील रंगाऱ्यास भेटून तो दोन हातांमध्ये किती वेळ थांबतो व का, हे विचारा आणि दहा ओळी लिहा.