काळी खुर्ची

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नावाचा एक लहानसा डोंगराळ देश आहे. तेथील लोकांची भाषा इंग्रजीहून अगदी निराळी आणि फार जुनी आहे. या भाषेत कविता रचणे हे केवळ पंडितांचे काम आहे, असे वेल्समध्ये कधी कोणी मानले नाही. शेतकरी, सुतार, मेंढपाळ, पाटीच्या दगडाच्या खाणींत राबणारे मजूर असे कोणीही दिवसभराचे काम आटोपल्यावर दिव्यापाशी बसावे आणि चरणाला चरण जुळवावा, ही तेथील रीत आहे. अशा हौशी कवींच्या व गायकांच्या स्पर्धा गावोगाव भरतात. त्या मेळ्यास वेल्श भाषेत ‘आयस्तेदवोद’ म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी ‘बसणे’ असा अर्थ आहे, आणि तो योग्यच आहे. कारण या स्पर्धेतील सर्वांत मोठे बक्षीस म्हणजे बसावयाची एक खुर्ची! ११७६ साली ऱ्हीस नावाच्या राजाने कार्डिगनच्या किल्ल्यात असा मेळा भरविला होता व विजयी झालेल्या कवीला आणि वादकाला खुर्च्या दिल्या होत्या.

गावातील मेळा अगदी घरगुती थाटाचा असे. प्रार्थनामंदिरात शेजारीपाजारी जमत. लहान मुले गाणी म्हणत, कविता म्हणत. बक्षीस म्हणून कापडाची चिमुकली पिशवी त्यांच्या गळ्यात अडकविली जाई व तिच्यात दोनचार नाणी असत. मोठ्यांच्या कवितेसाठी विषय आधीच जाहीर होई. कवीने आपले खरे नाव कवितेवर घालावयाचे नाही, टोपणनाव घालावयाचे, असा नियम होता. त्यामुळे परीक्षकापुढे जमीनदार आणि त्याचा गडी हे दोघे सारखेच ठरत. परीक्षक आपले मत सर्वांसमक्ष वाचून दाखवी. कोणता चरण साधला, कोठे अनुप्रास फसला, हे सारे तो उघड सांगे. हरलेल्या कवीला ते ऐकताना कानकोंडे होत असेल. पण त्याच्यासारख्याला दुसरी शाळा तरी कोठली होती?

अशाच शाळेत एलिस हम्फ्री इव्हान्स हा तरुण शिकला. त्याचा जन्म १८८७ साली ट्राउसव्हनिद या गावी झाला. गावाजवळच ‘अर अस्गुर्न’ नावाचे त्याच्या वडिलांचे शेत होते. अकरा भावंडांत एलिस सर्वांत वडील. शाळा लवकरच सुटली आणि तो मेंढ्यांमागे डोंगरात हिंडू लागला. वडिलांना स्वतःला पद्यरचनेची गोडी होती, त्यामुळे छंदांचे पहिले पाठ त्याला घरीच मिळाले. हे छंद काही सोपे नव्हेत. एका ओळीच्या पूर्वार्धात जी व्यंजने ज्या क्रमाने येतात, तीच पुष्कळदा त्याच क्रमाने उत्तरार्धात यावी लागतात, आणि तरीही अर्थ ओढूनताणून आणलेला वाटता कामा नये. मेंढ्या राखताना एलिस मनाशी अशा ओळी घोळवीत असे.

१९०७ साली, विसाव्या वर्षी, बाला या गावच्या मेळ्यात त्याने पहिली खुर्ची मिळविली. पुढे आणखीही खुर्च्या त्याच्या घरी आल्या. १९१० साली कविमित्रांनी त्याला ‘हेद विन’ असे नाव दिले. ‘हेद’ म्हणजे शांतता आणि ‘विन’ म्हणजे शुभ्र, पवित्र. दरीतील धुक्यातून पाझरणाऱ्या सूर्यकिरणांवरून हे नाव सुचले असे सांगतात.

परंतु साऱ्या वेल्सचा मिळून जो राष्ट्रीय मेळा भरतो, त्यातील खुर्ची अजून त्याला मिळाली नव्हती. १९१६ साली त्याने तेथे कविता पाठविली. तिला दुसरा क्रमांक मिळाला. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करावयाचा, असे त्याने ठरविले. विषय जाहीर झाला होता – ‘वीर’.

त्या वेळी युरोपात पहिले महायुद्ध चालू होते. ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला होता. अर अस्गुर्नच्या घरातून एका मुलाला जाणे भाग होते. एलिसला युद्धाची मुळीच हौस नव्हती. पण आपण गेलो नाही तर धाकट्या रॉबर्टला जावे लागेल, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तोच गेला. १९१७च्या आरंभी लिव्हरपूलजवळच्या छावणीत त्याचे शिक्षण सुरू झाले.

वसंत ऋतूत नांगरणीसाठी शेतकरी शिपायांना काही आठवड्यांची रजा मिळाली. एलिस घरी आला. बाहेर पाऊस पडत होता, शेतीची कामे पडली होती, आणि हा वीर आपल्या ‘वीरा’ची कविता लिहीत बसला होता! रजा संपली तरी त्याचा पाय निघेना. अखेर लष्करी पोलिसांनी येऊन त्याला शेतातून नेले. त्या घाईत कवितेचे कागद घरीच राहिले व फ्रान्सच्या वाटेवर त्याने ती आठवून पुन्हा लिहिली, असे सांगतात. जुलैच्या मध्यास, रणभूमीवर जाण्यापूर्वी, त्याने ती टपालाने स्पर्धेसाठी पाठविली. खाली सही होती ‘फ्लर-द-लिस’, म्हणजे लिलीचे फूल.

३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये पिल्केमच्या टेकाडावर मोठी लढाई झाली. त्या दिवशी हेद विन जबर जखमी झाला व मरण पावला. त्याचे वय तीस वर्षांचे होते.

राष्ट्रीय मेळा त्या वर्षी बर्कनहेड येथे भरला. ६ सप्टेंबर हा खुर्चीचा दिवस. हजारो लोक जमले होते. ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज हे स्वतः वेल्श. तेही उपस्थित होते. या समारंभाची एक जुनी प्रथा आहे. मेळ्याचा प्रमुख तीन वेळा तलवार म्यानातून अर्धीच काढतो व विचारतो, “शांतता आहे काय?” लोक एकमुखाने उत्तर देतात, “शांतता!” मगच कवीला खुर्चीत बसवितात. लोक जो शब्द उच्चारतात, त्याच शब्दात हेद विनचे नाव सामावलेले आहे.

परीक्षकांनी निकाल सांगितला. ‘फ्लर-द-लिस’ या कवीने उभे राहावे, अशी हाक झाली. कर्णे वाजले. कोणी उठले नाही. दुसऱ्यांदा हाक झाली, तिसऱ्यांदा झाली. सभेतील माणसे मान वळवून इकडेतिकडे पाहू लागली. तेव्हा प्रमुखांनी जाहीर केले, की हा कवी सुमारे पाच आठवड्यांपूर्वी युद्धात पडला. खुर्चीवर काळे वस्त्र पसरण्यात आले. सभेत अनेकांना रडू आवरले नाही. त्या दिवसापासून त्या मेळ्यास ‘काळ्या खुर्चीचा मेळा’ हेच नाव पडले.

ती खुर्ची खरोखर पाहण्यासारखी आहे. तिच्यावरील नाजूक कोरीव काम युजीन व्हानफ्लेतेरन या कारागिराने केले. तो बेल्जियमचा. युद्धामुळे त्याला आपला देश सोडून बर्कनहेडला आश्रय घ्यावा लागला होता. ज्या भूमीतून तो परागंदा झाला, त्याच भूमीत त्याच्या खुर्चीचा मानकरी पुरला गेला. दोघांची कधी गाठ पडली नाही.

खुर्ची अर अस्गुर्नला, आईवडिलांकडे पोहोचली. ती आणि आधी जिंकलेल्या खुर्च्या पाहावयास माणसे येऊ लागली. घरच्यांनी कोणाला दारातून परत पाठविले नाही. आईवडिलांमागे भाच्यांनीही तो शिरस्ता पाळला. शेतीची कामे सांभाळून ते पाहुण्यांना आत नेत व मामाची हकिगत सांगत. २०१२ साली ते घर तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या संस्थेने ताब्यात घेतले, आणि काळी खुर्ची तेथेच ठेवली.