दोरीपलीकडचे इंजिन

प्रस्तावना

विहिरीवर किंवा पिठाच्या गिरणीत चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा संथ ठोका तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. वीज आली आणि बहुतेक ठिकाणी तो ठोका थांबला. अशी जुनी इंजिने हौसेने दुरुस्त करून लोकांसमोर चालवून दाखवणारी प्रदर्शने काही देशांत भरतात. अशाच एका प्रदर्शनाला गेलेल्या निवृत्त जोडाऱ्याचा अनुभव या पाठात वाचा.

पाठ

इंग्लंडच्या दक्षिण भागातील डॉर्सेट परगण्यात १९६९ पासून वाफेच्या इंजिनांचे मोठे प्रदर्शन भरत असे. पुढे अनेक वर्षे ते टॅरंट हिंटन या खेड्याजवळच्या शेतांत भरले. २०२२ चे प्रदर्शन शेवटचे ठरले. त्याच्या तीन वर्षे आधी, ऑगस्ट महिन्यात, मुलाकडे राहायला गेलेले अण्णा तेथे पोहोचले. सातारा जिल्ह्यातील एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षे जोडारीकाम केले होते. निवृत्तीनंतर बंद पडलेले पंप आणि शिलाई यंत्रे उघडून बसणे हाच त्यांचा छंद होता.

मैदानात धूर ओकणाऱ्या अजस्र वाफेच्या इंजिनांभोवती गर्दी उसळली होती. अण्णा तेथे फारसे रमले नाहीत. दूरच्या कडेला लहान इंजिनांची एक रांग होती. पाणी उपसणे, धान्य दळणे, वैरण कापणे, मेंढ्यांची लोकर कातरणे अशी रोजची कामे त्यांनी एके काळी केली होती. खरे पाहता शेतकऱ्याचे कष्ट हलके केले ते या लहान इंजिनांनी. पण त्यांच्याकडे मुले आणि म्हातारेच काय ते वळत होते. इंजिने चाकांच्या गाड्यांवर बसवलेली होती. समोर दोरी ताणलेली, आणि प्रत्येकापुढे नाव व साल लिहिलेली पाटी.

एका अमेरिकी बनावटीच्या पेट्रोल इंजिनापाशी अण्णा थबकले. ते एकदा ‘फट्’ करी आणि मग कितीतरी फेरे नुसतेच सुस्कारे टाकत फिरे. मुलाला वाटले, इंजिन बिघडले आहे. अण्णा हसले. वेग पुरेसा असला की या इंजिनाची बाहेर जाणारी झडप उघडीच अडकून राहते आणि स्फोट होत नाही. वेग उतरला की झडप सुटते आणि पुन्हा एक ठोका पडतो. काम नसेल तर इंधनही नाही, असा त्याचा हिशेब!

पुढच्या इंजिनापाशी मात्र त्यांचे बोलणे थांबले. उभा सिलिंडर, दोन्ही बाजूंना दोन जड चाके. पाटीवर ‘लिस्टर, डर्सली’ अशी अक्षरे होती. ग्लॉस्टरशर परगण्यातील डर्सली येथे लिस्टर यांचा कारखाना १८६७ मध्ये सुरू झाला. १९३० च्या सुमारास तेथे तयार होऊ लागलेले हे संथ डिझेल इंजिन पुढे जगभर गेले. राजकोटच्या कारखान्यांनी त्याच नमुन्याची इंजिने घडवली, आणि त्यांतलेच एक अण्णांच्या वडिलांच्या विहिरीवर होते.

इंजिन बंद होते. त्याचा मालक, एक वृद्ध शेतकरी, तेलाची बुधली घेऊन शेजारी बसला होता. अण्णांनी मुलाकरवी विचारले, “मी सुरू करून पाहू का?”

“प्रेक्षकांना दोरीच्या आत येता येत नाही,” म्हातारा म्हणाला. “अपघात झाला तर जबाबदारी माझी.”

अण्णांनी वाद घातला नाही. त्यांनी नुसती मूठ पुढे केली आणि हॅंडल धरल्यासारखी वळवली. अंगठा बोटांच्या समोर न येता त्यांच्याच बाजूला टेकलेला होता. हॅंडलने उलटा झटका दिला तर समोर असलेला अंगठा मोडतो. ज्याने इंजिन हाताने फिरवले आहे तो माणूस ते कधी विसरत नाही. म्हाताऱ्याने मुठीकडे पाहिले, मग इकडेतिकडे पाहिले, आणि दोरी वर उचलली.

“बाबा, जपून!” मुलगा म्हणाला.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्याने तापलेल्या हवेतच इंधन पेटते, म्हणून दाब असताना ते हाताने फिरवणे फार कठीण. अण्णांनी झडप उचलून धरण्याचा खटका ओढला, हॅंडल फिरवत चाकांना वेग दिला आणि खटका सोडला. पहिला ठोका पडला, दुसरा पडला, आणि इंजिन लयीत आले. म्हाताऱ्याने पट्टा चढवला. पंपातून पाण्याची धार एका टाकीत पडू लागली आणि तेथून नळीने परत पंपाकडे जाऊ लागली.

अण्णा बराच वेळ त्या धारेकडे पाहत राहिले. ते पाणी कोणत्याच वाफ्यात जात नव्हते.

विहिरीवर विजेची मोटार बसली त्या वर्षी वडिलांनी इंजिन भंगारात द्यायचे ठरवले. त्याचे बोल्ट अण्णांनीच सोडवून दिले होते. तेव्हा त्यांना वाईट वाटले नव्हते. पहाटे उठून हॅंडल मारण्याची कटकट संपली, एवढेच मनात आले होते. वडिलांनी मात्र एक चाक विकू दिले नाही. का, ते त्यांनी सांगितले नाही आणि अण्णांनीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गावी धाकट्या भावाला फोन लावला. “विहिरीपाशी ते चाक आहे का रे अजून?”

“आहे की, अण्णा,” भाऊ म्हणाला. “जाणार कुठं? म्हैस बांधतो त्याला.”

पाठगत प्रश्न

१. वृद्ध शेतकऱ्याने दोरी वर का उचलली?
२. ‘ते पाणी कोणत्याच वाफ्यात जात नव्हते’ हे पाहताना अण्णांच्या मनात काय आले असेल? तुमच्या शब्दांत लिहा.
३. तुमच्या घरातील किंवा परिसरातील वापरातून गेलेल्या एखाद्या यंत्राची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.